नोंद हवीच, पण कडीकुलपात

कॅलिफोर्नियाचा दाखला देऊन तुम्ही ‘बंदुकांची सरकारी नोंदच नको’ म्हणता, ते मला पटत नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावरील डॅशबोर्डवरून लपवून बंदूक बाळगण्याचा परवाना मागणाऱ्या सुमारे १,९२,००० जणांची नावं, पत्ते, जन्मतारखा उघड्या पडल्या. संताप रास्तच आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या बाईचा पत्ता त्यात असेल तर?

पण दुसरं टोकही बघा. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने बंदुकांच्या केंद्रीय नोंदवहीला मनाई आहे. त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या, बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी केंद्रात बंद झालेल्या बंदूक-दुकानांचे विक्रीचे कागद स्कॅन होऊनही नावाने शोधता येत नाहीत. खुनातल्या बंदुकीचा माग काढायला कर्मचारी एकेक पान डोळ्यांनी चाळतात. म्हणून नोंद ठेवावी, पण कडीकुलपात; आणि त्यातली कोणती माहिती कोणी, कशासाठी उघडली, याचा हिशेब विधिमंडळाने दरवर्षी मागावा.