स्मार्ट बस स्टॉप नको, आधी बस स्टॉपला लागू दे

रांगेतला: काल एकाने इथे लिहिलं की स्टॉप सुधारायचे तर एसी केबिन, वायफाय, चार्जिंग आणि पाण्याचे फवारे लावा. डोकं फिरलं वाचून. अरे, माझ्या आईचे गुडघे गेलेत, बस फूटपाथपासून हातभर लांब थांबते, तिला आधी रस्त्यात उतरायला लागतं आणि मग वर चढायला. जर्मनीत कासल शहरात एक कर्ब, म्हणजे फूटपाथच्या कडेचा दगड, शोधून काढलाय, रस्त्याकडची बाजू आत गोलसर वळलेली, ड्रायव्हर टायर त्याला टेकवून बिनधास्त आणतो, टायर फाटत नाही आणि बस फूटपाथला चिकटते. ना वीज, ना अ‍ॅप. ब्राझीलच्या कुरितिबात १९९१ पासून नळकांड्यासारखे स्टॉप आहेत, तिकीट आत शिरतानाच, आणि स्टॉप बसच्या दाराच्या उंचीला. शोध म्हणजे हे.

नागपुरी_ऊन: ती पोस्ट माझीच. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, स्टीलच्या बाकावर टेकता येत नाही. अहमदाबादेत लाल दरवाजाला वाळ्याचे पडदे लावून पाणी सोडतात, तो काय नखरा आहे का? पुण्याच्या हवेत बसून ज्ञान देऊ नका.

रांगेतला: वाळ्याचे पडदे मान्य, स्वस्तात होतं. वायफाय नाही म्हणजे नाही.

सिव्हिलवाला: कर्ब कितीही गोल करा, स्टॉपसमोर रिक्षा उभ्या असतील तर बस येणार कुठून? जमिनीपासून चारशे मिलिमीटरवर तळ असलेली लो फ्लोअर बस घ्यायची आणि ती दुसऱ्या लेनमध्ये थांबवायची, पैसे पाण्यात. स्टॉपपुरता फूटपाथच पुढे काढा, रिक्षाला जागाच उरत नाही.

रिक्षा_आमची_भाकरी: आला परत रिक्षावर! स्टँड दिलाय का आम्हाला कुठे? आणि स्टॉपवर पाच मिनिटं उभं राहून बघा, तो जाहिरातीचा बोर्ड बस येते त्याच बाजूला असतो. लोक बस बघायला रस्त्यात येतात, शिव्या आम्हाला.

रांगेतला: बोर्डाचं शंभर टक्के खरं. आईची बस अशीच गेली, दिसलीच नाही.

सिव्हिलवाला: जाहिरात काढली तर शेडचा खर्च कोण करणार? फ्रान्सच्या लिऑनमध्ये १९६४ ला हेच सुरू झालं, कंपनीने शेड फुकट बांधायची, जाहिरातीवर कमवायचं.

नागपुरी_ऊन: मग बोर्ड मागच्या बाजूला लावा ना! जाहिरात दिसते, सावली पडते, बसपण दिसते. जाहिरातवाल्याची सोय बघून स्टॉप बांधता आणि वर आम्हाला खर्च शिकवता?

सिव्हिलवाला: आवाज चढवू नका. मागे लावला तर चालत्या गाडीतून कमी दिसतो, भाव कमी मिळतो.

नागपुरी_ऊन: मिळू दे कमी! टेंडरमध्ये एक ओळ घाला, येणाऱ्या बसची बाजू मोकळी. कोण अडवतंय?

सिव्हिलवाला: ओळ घालता येईल, ठीक आहे. पण रिक्षाचं तुम्ही कोणी बोलतच नाही.

रिक्षा_आमची_भाकरी: स्टँड द्या, उद्या हलतो.