मदत हवी आहे: जुनी जिप्सी की जुनी थार?

पावसाळ्यात मावळ-मुळशीच्या चिखलात न्यायला एक गाडी बांधायचीय. गाडी धरून एकूण बजेट ८ लाख. दोन बघून ठेवल्यात.

पहिली २००९ ची जिप्सी, १.३ पेट्रोल, ३.७५ लाख. रीपासिंग २०२९ पर्यंत झालंय. इंजिन गोड चालतं, गाडी हलकी, पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच अखंड अ‍ॅक्सलवर). पण खाली झोपून मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंग) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसीला जोडणाऱ्या कडीजवळ, चेसीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर पापुद्रे हातात आले, आणि मालक म्हणतो "वरवरचा गंज आहे" (सगळे हेच म्हणतात).

दुसरी २०१४ ची थार सीआरडीई (डिझेल), ५.६० लाख. चेसी ठणठणीत, टॉर्कचा प्रश्नच नाही, पण वजनदार, पुढे आयएफएस (दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं), डावा सीव्ही बूट (अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचं रबरी कव्हर) फाटून ग्रीस उडालंय आणि फोर लोचा (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) लिव्हर दोनदा जोर लावल्यावरच पडला.

दोन्ही मेकॅनिकला दाखवल्या, एक म्हणतो जिप्सी घे, दुसरा म्हणतो हात लावू नको. टायर, लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट) एवढंच करायचंय, इंजिन स्वॅप नाही, आरटीओची कटकट नको. रोजची गाडी वेगळी आहे त्यामुळे मायलेज, एसीचं सांगू नका.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, जिप्सीच्या चेसीला शॅकलपाशी पॅच मारून विंचचा ताण सहन होतो का, की सरळ थार घ्यावी?