बॉल जॉइंट सोडवायला फोर्क, पुलर की नुसता हातोडा?

जालनेकर: लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश बदलायला गाडी गॅरेजला दिली होती. त्या आर्मला चाकाकडे जोडणारा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, ठणठणीत होता. गाडी परत आली तर त्याचं रबरी डस्ट कव्हर चिरलेलं. गॅरेजच्या मिस्त्रीने मध्ये फोर्क, म्हणजे दुबोटी पाचर, घालून घण घातला होता. रबर फाटलं की ग्रीस बाहेर अन् काळ्या मातीचा चिखल आत, मग जॉइंट किती दिवस टिकणार? माझं मत सरळ आहे. जॉइंट भंगारात जाणार असेल तरच फोर्क, परत बसवायचा असेल तर पुलर, म्हणजे बोल्ट आवळून जॉइंट ढकलून सोडवणारं हत्यार.

लातूरचा मिस्त्री: दोन्ही ठेवा बाजूला. जॉइंटच्या स्टडचा (खुंटीचा) टेपर, म्हणजे निमुळता भाग, नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) डोळ्यात आवळून बसलेला असतो. घाव स्टडवर नाही, त्या डोळ्याच्या बगलेवर बसला पाहिजे. एका बाजूला जड हातोडा टेकवा, समोरून दुसरा हाणा. डोळा क्षणभर दबतो अन् टेपर सुटतो. नट काढून टाकू नका, ढिला करून आट्यांवरच राहू द्या. पुलरला पैसे कशाला घालायलाव?

नांदेडकर: मिस्त्री, तुमचा हात बसलाय. घरी काम करणाऱ्याचा घाव चुकला की एबीएसची (ब्रेकच्या सेन्सरची) वायर तरी जाते नाहीतर आटे तरी दबतात. अन् नकल अॅल्युमिनियमचा असेल तर? त्याला तडा गेला तर पुलरच्या कितीतरी पट खर्च.

लातूरचा मिस्त्री: अॅल्युमिनियमचं मान्य. पण बाजारातले स्वस्त पुलर बघितलेत का? टेपर हलायच्या आधी त्यांचा जबडाच पसरतो.

नांदेडकर: म्हणून तर माप घेऊन घ्यायचा. जबडा कव्हर न चिरडता आत सरकला पाहिजे अन् स्टडची उंची त्याच्या तोंडात मावली पाहिजे. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. पुलर ताणून ठेवा अन् तरीही सुटेना तर तुमचाच बगलेवरचा घाव घाला. सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, तोंड लांब ठेवा.

परभणीकर: आधी गाडी कोणती ते तर विचारा! स्विफ्टसारख्या मारुतीत लोअर बॉल जॉइंटला टेपरच नसतो, स्टड पिंच बोल्टने, म्हणजे खाच आवळणाऱ्या आडव्या बोल्टने, धरलेला असतो. बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा, खाच छन्नीने जराशी उघडायची, आर्म खाली दाबायचा. तिथे पुलर लावणाऱ्याला काय म्हणावं! टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) मात्र टेपरचा असतो, तिथे लावा.

बीडवाला: गॅसने तापवला तर? आमच्याकडं सर्रास तापवायलेत.

नांदेडकर: रबर जळतं, आतलं ग्रीस जातं. जॉइंट परत बसवायचा असेल तर नावच काढू नका.

बीडवाला: बरं, ते जाऊ द्या. वर-खाली दोन आर्मच्या गाडीत बहुधा स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर असतो, हे कुणीच बोलेना. खाली जॅक न लावता जॉइंट सोडला तर आर्म झटक्यात खाली येतो, हातपाय मोडायचं काम आहे. फोर्क का पुलर हा वाद त्यानंतरचा.

लातूरचा मिस्त्री: हे लाखातलं बोललात.

जालनेकर: मग कव्हरचे पैसे गॅरेजवाल्याकडून मागू का?

लातूरचा मिस्त्री: मागा की! सुटं कव्हर मिळालं अन् जॉइंटमध्ये खेळ आला नसेल तर तेवढंच बदला, ग्रीस नवीन भरा. नट फिरू न देणारी स्प्लिट पिन जुनी घालू देऊ नका. भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळायचा, उलटा फिरवून जुळवायचा नाही. अन् माझा फोर्क मी विकणार नाही, गंजलेला जुना जॉइंट निघतो तो त्यानंच.