नववीच्या मुलांकडून छोट्या धंद्याचा आराखडा कसा लिहून घ्यावा?

फळाखडू
नमस्कार. नववीचा वर्ग आहे, ४२ मुलं, सहा-सहाचे सात गट. ३५ मिनिटांचे १० तास हातात आहेत आणि शेवटी शाळेचा आनंद बाजार. स्टॉल लावण्याआधी प्रत्येक गटाने धंद्याचा आराखडा लिहायचा आहे. नेटवर मिळणारे नमुने कर्जाच्या अर्जासाठी केलेले, वीस-वीस पानांचे. मुलं त्यातून 'आमचे ध्येय', 'दर्जेदार सेवा' वगैरे सुबक अक्षरात उतरवून काढतात आणि आकडा विचारला की एकमेकांकडे बघतात. सुरुवात कुठून करावी? आराखडा किती पानांचा असावा? गुण कशाला द्यावेत?

रोजमेळ
ताई, नमुना पहिल्या दिवशी दाखवूच नका. सुरुवात एका नगापासून करा. भेळेचा गट असेल तर एका प्लेटमध्ये काय काय जातं ते ग्रॅममध्ये लिहायला लावा. मुलं 'थोडे कुरमुरे' म्हणतील. वजनकाटा आणा आणि मोजू द्या.

समजा, ४० प्लेटचा हिशेब असा निघाला (भाव नमुन्यादाखल आहेत, मुलांनी आपल्या वाण्याकडचे आणावेत):

कुरमुरे १ किलो – ८०
फरसाण-शेव ८०० ग्रॅम – २००
कांदा १ किलो – ३०
टोमॅटो पाऊण किलो – ३०
चिंच, खजूर, गूळ – ११०
कोथिंबीर, मिरची, लिंबू, मीठ – ३०
द्रोण-चमचे ४० जोड – ८०
एकूण ५६०, म्हणजे प्लेटला १४ रुपये.

कांदा सोलून ८०० ग्रॅमच्या आसपास उरतो. विकत किलोभर घ्यावा लागतो, म्हणून हिशेबात किलोच धरायचा. इथेच पहिली चूक होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'मीठ-गूळ घरातलंच आहे, फुकट'. घरातलं असलं तरी बाजारभाव लावायचा. नाहीतर मुलांचा नफा म्हणजे आईच्या डब्यातून काढलेला गूळ.

मग वेगळ्या रकान्यात असा खर्च, जो एकही प्लेट विकली नाही तरी होणारच: टेबलाचं भाडं १००, फलक ६०, हातमोजे आणि टोप्या ८०. एकूण २४०. 'स्थिर खर्च' आणि 'बदलता खर्च' हे शब्द यानंतर सांगा. आधी सांगितले तर पाठ होतात, कळत नाहीत.

आता किंमत ठरवू द्या. बहुतेक गट २० म्हणतील, कारण कोपऱ्यावरच्या गाडीवर २० ला मिळते. २० मधून १४ गेले, उरले ६. २४० भागिले ६ बरोबर ४०. म्हणजे चाळीसच्या चाळीस प्लेट खपल्या तरी हातात शून्य. हे त्यांना स्वतःला फळ्यावर मांडू द्या, तुम्ही सांगू नका. २५ ला विकली तर प्लेटमागे ११ सुटतात आणि २२ व्या प्लेटला खर्च भरून निघतो.

आलेखकागद
वरच्या हिशेबाला जोडून. नववीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेतच, तेव्हा गणिताच्या सरांकडून एक तास मागून घ्या. आडव्या अक्षावर प्लेट, उभ्या अक्षावर रुपये. खर्चाची रेषा y = १४x + २४०, विक्रीची y = २५x. खर्चाची रेषा शून्यातून का निघत नाही, हा प्रश्न मुलांना विचाराच.

पण इथे एक खाच आहे. २२ प्लेट हे उत्तर तेव्हाच खरं, जेव्हा खपेल तेवढाच माल आणलाय. भेळेत सामान आदल्या दिवशी घेतलं जातं आणि चटणी-कांदा सकाळीच तयार होतो. माल ४० प्लेटचा आणला आणि ३० खपल्या तर जमा ७५०, खर्च ५६० + २४० = ८००. पन्नासचा तोटा! आलेख मात्र नफा दाखवत होता. उरलेले द्रोण आणि कोरडे कुरमुरे थोडी भरपाई करतील, चिरलेला कांदा नाही. म्हणून नाशवंत मालाच्या गटाला दुसरा आकडाही काढायला सांगा: आणलेल्या मालाचा पूर्ण खर्च भागिले किंमत, ८०० ÷ २५ = ३२ प्लेट. कंदील किंवा भेटकार्डांच्या गटातही हेच होतं, फरक इतकाच की दिवाळी संपल्यावर कंदील कुजत नाही, पण वर्षभर माळ्यावर पडून राहतो आणि त्यात पैसा अडकतो.

अजून एक, शेकडा नफा. पाठ्यपुस्तकात तो खरेदी किमतीवर काढतात, दुकानदार 'मार्जिन' म्हणतो ते विक्रीवर. १४ ची वस्तू २५ ला विकली तर एका हिशेबाने जवळजवळ ७९ टक्के, दुसऱ्याने ४४. आराखड्यात कुठला वापरला ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर दोन गट एकाच नफ्यावर भांडत बसतात.

वाणसामान
हिशेब ठीक, पण गिऱ्हाईक कुठाय? माझ्या मते 'आमची भेळ घ्याल का?' ही प्रश्नावली सरळ बंद करावी. मित्र आहेत, सगळे हो म्हणणार. त्याऐवजी विचारायला लावा: गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत काय विकत घेतलं? कितीला? शेवटच्या आनंद बाजारात किती पैसे घेऊन आला होतात, किती उरले? झालेल्या गोष्टीबद्दल विचारलं की माणूस कमी थापा मारतो. गटामागे ३० जण पुरे, पण सगळे आपल्याच वर्गातले नकोत. पाचवी-सहावीची मुलं वेगळा खाऊ घेतात आणि त्यांच्या खिशात पैसेही वेगळे असतात. त्याहून पक्कं म्हणजे ५ रुपये घेऊन आगाऊ कुपन. पैसे दिले म्हणजे खरंच हवंय.

आणि सगळ्या गटांचे आराखडे आले की एक काम नक्की करा. प्रत्येकाने लिहिलेली अपेक्षित विक्री फळ्यावर एकाखाली एक मांडून बेरीज करा. समजा बाजारात ६०० मुलं येणार, प्रत्येकाकडे सरासरी ५० रुपये, म्हणजे सगळा मिळून ३०,००० चा बाजार. स्टॉल १५, तर एकाच्या वाट्याला सरासरी २,०००. सात गटांनीच मिळून २८,००० लिहिले असतील तर उरलेल्या आठ स्टॉलना २,००० राहतात. वर्गाला स्पर्धा हा शब्द यापेक्षा सोप्या पद्धतीने समजावता येईल असं वाटत नाही.

फळाखडू
खूप उपयोगी, धन्यवाद. दोन अडचणी आहेत. एक गट उटण्याची पाकिटं करतोय आणि पाकिटावर 'त्वचारोग नाहीसे होतात' लिहायचं म्हणतोय. दुसऱ्या गटाने भांडवलाच्या रकान्यात 'मुद्रा कर्ज' (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं कर्ज) लिहिलंय! आणि गुणांचं राहिलंच.

आलेखकागद
त्वचारोगाचं वाक्य काढायला लावा. आजार बरा होण्याचा दावा हा कायद्याचा विषय आहे, गंमत नाही. त्याऐवजी खरं लेबल करायला द्या. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. घरातली साबणाची वडी किंवा बिस्किटाचा पुडा समोर ठेवून मुलं ते शोधतील. वजन मात्र काट्यावरच. ५० ग्रॅम लिहून ४६ भरलेलं चालणार नाही.

कर्जाचं असं की भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान (म्हणजे वयाने सज्ञान न झालेली) व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे १८ वर्षांखालच्या मुलाला बँक कर्ज देणार नाही. मुद्राच्या 'शिशु' गटाची मर्यादा ५०,००० आहे, एवढं माहितीसाठी सांगा. मुलांना भांडवल लागतं ८००. ते सहा जणांनी वाटून घालावं: प्रत्येकी १३४ घातले की ८०४ होतात. कुणी जास्त घातले तर नफ्याची वाटणी कशी, हे आधी लिहून सह्या घ्या. बाजार संपल्यावरचं भांडण बहुतेक यावरूनच होतं.

रोजमेळ
पानं दोन, जास्त नाहीत. पहिल्या पानावर काय विकणार, कोणाला, ते कशावरून ठरवलं, कोण काय करणार. दुसरं पान पूर्ण आकड्यांचं, आणि तळाशी 'निम्माच माल खपला तर काय करू' याच्या तीन ओळी. ध्येय-दृष्टी नकोच.

तास साधारण असे जातील: एका नगाचा खर्च २, चौकशी आणि तिची मोजणी २, किंमत व आलेख २, लिहिणं १, एकमेकांचे आराखडे तपासणं १. उरलेले दोन बाजारानंतरसाठी राखून ठेवा, ते आधी खर्च करू नका.

गुण ५० धरले तर आकड्यांना २०, चौकशीला १०, बाजारानंतर 'ठरवलेलं आणि झालेलं' यांच्या तुलनेला १५, मांडणीला ५. नफ्याला शून्य. नफ्याला गुण ठेवलेत की पालकच येऊन सगळा माल उचलतात आणि मुलं खर्च लपवायला शिकतात. तोट्यातल्या गटाने तोटा कुठे झाला ते नेमकं दाखवलं तर त्याला १५ पैकी १५ द्या.

मेहनतही एकदा मोजायला लावा. सहा जण, प्रत्येकी ४ तास, म्हणजे २४ तास. चाळीसही प्लेट २५ ला गेल्या तर नफा २००. तासाला जेमतेम सव्वाआठ रुपये पडले.

वाणसामान
किंमत २५ ठेवली तर सुट्ट्या पैशांचं काय, हे आराखड्यात कुणी लिहीत नाही. गल्ल्यात सकाळी १० च्या नोटा आणि ५ ची नाणी मिळून २०० रुपये लागतील. ते भांडवलात धरा आणि रोजमेळाच्या (रोजच्या जमा-खर्चाच्या वहीच्या) पहिल्या ओळीत 'आरंभीची शिल्लक' म्हणून लिहा, नाहीतर संध्याकाळी तेच २०० विक्रीत मोजले जातात. कुणाच्या पालकांच्या फोनवर यूपीआय घेणार असाल तर त्या रकमेचा रकाना वेगळा, आणि प्रत्येक विक्रीला कागदावर एक रेघ. रेघांना २५ ने गुणून गल्ला (आरंभीचे २०० वजा करून) आणि फोन यांची बेरीज जुळते का ते दर तासाला बघायचं. शेवटी एकदम बघितलं की चूक कधी झाली तेच सापडत नाही.