मुलींच्या बास्केटबॉल संघात चार नव्या पोरी. यंदा इंटरझोनलला कितपत आशा ठेवायची?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मंडळी, यंदा आपल्या कॉलेजच्या मुलींच्या संघात एकदम चार नव्या पोरी आल्यात आणि संध्याकाळी ग्राउंडच्या कडेला उभं राहणाऱ्यांत दुसरा विषयच नाही. जयसिंगपूरची एक पाच फूट अकरा इंचांची आहे, बोर्डाखाली तिचा हात वर गेला की बॉल तिचाच. साताऱ्याची डावखुरी गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारी, पायाला भिंगरी लावल्यासारखी पळते. कराडची शूटर लांबून बिनधास्त मारते. चौथी इचलकरंजीची, मूळची खो-खोची. बास्केटबॉल अकरावी-बारावीतच काय तो खेळलेली.

पण तीन सिनिअर पास होऊन गेल्या, त्यात बॉल वर आणणारी मुख्य मुलगीही गेली. कोल्हापूर झोन आपण काढू असं वाटतंय. पुढं इंटरझोनलला, म्हणजे वेगवेगळ्या झोनमधल्या संघांच्या स्पर्धेत, सांगली-साताऱ्याकडचे मुरलेले संघ आले की काय, ही धास्ती आहे. उंच मुलीला पहिल्या सामन्यापासून पहिल्या पाचात घालावं का? आणि खो-खोवालीचा नेमका उपयोग काय? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

बॅकबोर्ड_खालचा

उंच मुलीबद्दल आशा ठेवा, पण पहिले दोन-तीन सामने ती बेंचवरून येऊ दे. कारण फाऊल. शाळेच्या पातळीवर एवढी उंच मुलगी समोरच्या पोरींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवते आणि बॉल काढते, पंचही सोडून देतात. कॉलेजला गार्ड मुद्दाम तिच्या अंगावर घुसून ले-अप (पळत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट) घेतात. तिचा हात वरून खाली आला की शिट्टी. पाच फाऊलला खेळ संपला, आणि दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये दोन फाऊल सहज होतात.

नियम तिच्या बाजूचा आहे, तो तिला माहीत पाहिजे. जमिनीवर जिथं उभी आहे तिथून सरळ वर उडी मारली, हात सरळ वर ठेवले आणि समोरची येऊन आदळली, तर फाऊल हिचा नाही. म्हणजे ब्लॉक मारायचा मोह सोडून नुसतं 'भिंत' व्हायचं. सरावात एका मुलीनं फोमची उशी किंवा जुनी गादी घेऊन तिच्या छातीवर धडकायचं, हिनं हात खाली न आणता सरळ उडी मारायची. आठ-आठ वेळा तीन फेऱ्या, रोज. तीन आठवड्यांत हात खाली यायची सवय बऱ्यापैकी मोडते.

दुसरी गोष्ट रीबाउंडची, म्हणजे हुकलेला शॉट परत आला की तो पकडायची. उंच मुलगी बॉल घेते आणि लगेच पोटापाशी खाली आणते. तिथं सव्वापाच फुटी गार्ड टपलेल्याच असतात, एक झटका आणि बॉल गेला. बॉल हनुवटीच्या खाली येताच कामा नये, कोपरं बाहेर (फिरवायची नाहीत, नाहीतर तिथंही फाऊल), मग बाजूच्या रेषेकडं तोंड करून दोन्ही हातांनी पास. बॉल खाली आणून ड्रिबल सुरू केला की तिच्या उंचीचा फायदा तिथंच संपला.

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल झाले तर तिला सरळ बसवा, हाफ टाइमनंतर आणा. आपल्या प्रेक्षकांनी तेव्हा 'घाला तिला, घाला तिला' म्हणून ओरडू नये एवढी विनंती.

सागरमाळ_फास्टब्रेक

बॅकबोर्डच्या फाऊलच्या मुद्द्याशी सहमत, बेंचच्या मुद्द्याशी नाही. ती पहिल्या पाचातच पाहिजे, मात्र बोर्डाखालच्या कामासाठी नव्हे. सांगतो.

आपला खरा प्रश्न बॉल वर नेण्याचा आहे. समोरच्या कोचला कळायला पाच मिनिटं पुरतात की गेल्या वर्षीची मुलगी नाही आणि नवी गार्ड डावखुरी आहे. लगेच फुल कोर्ट प्रेस (मैदानभर अंगावर येऊन अडवणं) लागणार, बहुतेक २-२-१, म्हणजे पुढं दोघी, मध्ये दोघी, मागं एक. डावा हात बंद करून तिला उजवीकडं ढकलणार, बाजूच्या रेषेपाशी दुसरी येऊन दोघींत कोंडणार. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची असते. हातात बॉल घेऊन उभी राहिली आणि हाताच्या अंतरावर डिफेंडर चिकटली, तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल काहीतरी करावंच लागतं. नवख्या मुली इथंच घाबरून डोक्यावरून उंच पास टाकतात आणि तो मध्येच कापला जातो.

प्रेस फोडायची रचना साधी आहे. बास्केट खाल्ल्यावर बॉल आत टाकणारी मुलगी बेसलाइनच्या मागं डावी-उजवीकडं पळू शकते. ही मोकळीक समोरच्यांनी बास्केट केल्यावरच मिळते. बॉल बाहेर गेल्यामुळं थ्रो-इन मिळाला असेल तर नाही. आपल्या पोरी तरीही एका जागी खिळून उभ्या राहतात आणि पाच सेकंद घालवतात. टाकणारी पळाली की तिच्यासमोरची डिफेंडर सरकते आणि पासची फट उघडते. पहिला पास साताऱ्याच्या गार्डला कोपऱ्यात द्यायचा नाही, कोपरा म्हणजे समोरच्यांची फुकटची तिसरी डिफेंडर. फ्री थ्रो लाइनच्या टोकाच्या आसपास द्यायचा. तिनं ड्रिबल न करता आधी वर बघायचं.

आणि मध्ये, सेंटर सर्कलच्या थोडं अलीकडं, जयसिंगपूरची मुलगी धावत येऊन हात वर करून थांबली पाहिजे. पाच फूट अकरा इंचांच्या मुलीला डोक्यावर दिलेला पास पाच फुटी डिफेंडर कापू शकत नाही. ती बॉल घेते, ड्रिबल अजिबात नाही, वळते आणि दोन्ही बाजूंनी पळणाऱ्यांपैकी मोकळी असेल तिला देते. दोन पासमध्ये प्रेस संपला, पुढं आपल्या तिघी आणि त्यांच्या दोघी. पहिल्या पाचात ती पाहिजे ती एवढ्यासाठी.

यात चुकतं कुठं? एक, मधली मुलगी फार लवकर येऊन उभी राहते आणि तिच्यामागं डिफेंडर चिकटते. पास करणारीनं तिच्याकडं बघितलं की मगच निघायचं. दोन, मधली रेषा ओलांडल्या ओलांडल्या बाजूच्या रेषेपाशी थांबणं. मागं जाता येत नाही, बाजूला जाता येत नाही, कोंडायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. रेषा ओलांडली की मधोमध तरी यायचं नाहीतर आधीच पास सोडायचा.

हे पाच विरुद्ध पाच लगेच करू नका. आधी पाच विरुद्ध शून्य, नुसत्या जागा पाठ. मग पाच विरुद्ध तीन. मग पाच विरुद्ध सात! सात डिफेंडरसमोर आठ सेकंदांत बॉल पलीकडं नेता आला की सामन्यातल्या पाच जणी कमी वाटतात. सोबत गार्डला रोज दहा मिनिटं फक्त उजव्या हातानं ड्रिबल, तोही झिगझॅग, अंगावर डिफेंडर घेऊन. दुसरी बॉल हँडलर तयार केल्याशिवाय मात्र इंटरझोनलची स्वप्नं बघू नयेत. एकीवर चाळीस मिनिटं भार टाकला तर चौथ्या क्वार्टरला तिचे पाय जातात आणि पास आखूड पडायला लागतात.

पंचगंगा_काठ

खो-खोच्या पोरीला कमी समजू नका भावांनो. लई कामाची हाय ती. कमरेत वाकून पळायचं, पाऊल न अडखळता दिशा बदलायची, हे तिच्या अंगात मुरलंय, ते बास्केटबॉलच्या पोरींना शिकवायला वर्ष जातं. समोरच्यांची जी मेन गार्ड असंल तिच्यामागं हिला लावा, बॉल असू दे नसू दे, सावलीगत. बाकीच्या चौघी झोन लावून, म्हंजे आपापली जागा राखून, उभ्या ऱ्हातील. याला बॉक्स अँड वन म्हणत्यात.

खोट एकच, हात. खो-खोत हात लावून गडी बाद करायचा असतो, तेच्यामुळं हात आपोआप पुढं जातो आणि इथं तो फाऊल धरत्यात. सरावात तिला दोन्ही हातांत टेनिस बॉल धरून डिफेन्स करायला लावा. मुठी बंद म्हंजे पकडायची सवय सुटती, सगळं काम पायानं करावं लागतं.

तिच्याकडनं बास्केटची अपेक्षा यंदा ठेवू नका. मोकळा ले-अप दोन्ही बाजूंनी जमला तरी बास.

कराडकर_थ्रीपॉइंटर

शूटरबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. तिच्याबाबतीत शंका नेमाची नाही, बॉलची आणि ग्राउंडची आहे.

आपल्याकडं बॉल कमी म्हणून मुली मुलांबरोबर सात नंबरवर सराव करतात. मुलींचा सामना सहा नंबरवर होतो. सातचा घेर साधारण साडेएकोणतीस इंच, सहाचा साडेअठ्ठावीस, आणि सहा वजनालाही हलका. सातवर बसवलेला हात सहावर लांब जातो, शॉट मागच्या रिंगवर आदळून बाहेर. महिनाभर तरी शूटरला फक्त सहा नंबर द्या. सिमेंटच्या ग्राउंडवर रबरी बॉल वापरतो ते बरोबरच आहे, कारण कंपोझिट लेदरचे दाणे सिमेंटवर लवकर घासून बॉल गुळगुळीत होतो. पण रबरी बॉलची उसळी आणि पकड वेगळी. सामन्याच्या आदल्या आठवड्यात तरी हॉलमध्ये सामन्याच्याच बॉलवर हात बसवला पाहिजे. हवा तपासायची सोपी पद्धत: १.८० मीटरवरून सोडल्यावर बॉलची वरची कड १.२० ते १.४० मीटरच्या दरम्यान यावी.

रिंगची उंची मोजा, टेप लावून. ३.०५ मीटर असायला पाहिजे. ग्राउंडवर नवा थर टाकला की तेवढी उंची कमी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन-चार सेंटीमीटरचा फरक शूटरला घातक आहे, कारण तिचा कोन त्याच रिंगवर बसलेला असतो.

आणखी एक. थ्री पॉइंटची रेषा समोरून ६.७५ मीटर असली तरी कोपऱ्यात ६.६० मीटर पडते, म्हणून सगळ्यांना कोपरा आवडतो. पण तिथं रेषा आणि साइडलाइन यांच्यात फक्त ९० सेंटीमीटर जागा आहे. पास घेताना पाय मागं टाकायची सवय असेल तर टाच साइडलाइनवर पडते आणि बॉल समोरच्यांचा. तिला ही सवय आहे, ग्राउंडवर लक्ष देऊन बघा. पास यायच्या आधीच गुडघे वाकवून, पुढच्या पावलावर उभं राहून घ्यायला शिकवायला हवं.

फ्री थ्रोही दमल्यावरच मारायला लावा. समोरच्यांचे क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल झाले की पाचव्यापासून आपल्याला दोन-दोन फ्री थ्रो मिळतात, आणि अटीतटीचे सामने तिथंच सुटतात. निवांत वीस मारून उपयोग नाही. एक धाव, दोन शॉट, परत धाव, दोन शॉट.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

प्रेस फोडताना उंच मुलगी मध्ये, हे डोक्यात नव्हतं. टाचेचं आज बघितलं, खरं आहे, दोनदा रेषेवर पडली. आता अडचण पावसाची. ग्राउंडवर पाणी आणि शेवाळ, हॉल मिळतो तो आठवड्यातून दोनदा आणि तोही बॅडमिंटनवाल्यांच्या मधल्या वेळेत. अशात चौघींना तयार कसं करायचं? कागदपत्रांचं पण कुणीतरी सांगा.

मेरीवेदर_सकाळ

शेवाळावर पाऊस उघडला म्हणून खेळायला उतरू नका. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून पसरायची, वीस मिनिटं ठेवायची, ताठ खराट्यानं घासायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. रिंगखालचा भाग आणि थ्री पॉइंटचे कोपरे आधी, तिथंच पाय घसरतात. फ्री थ्रो लाइनपाशी पाणी साचत असेल तर तिथला उतार बिघडलाय, तो सिमेंटनं भरून घ्यायला सांगा. नाहीतर दर पावसाळ्यात हेच.

हॉलचे दोन दिवस फक्त प्रेस, झोन आणि शूटिंगला ठेवा. उरलेल्या दिवशी व्हरांड्यातही भरपूर काम होतं: भिंतीवर पास, जागेवर दोन्ही हातांचा ड्रिबल आणि लँडिंग. लँडिंग टाळू नका. मुलींच्या गुडघ्याचं लिगामेंट उडी मारून उतरताना किंवा झटकन थांबताना तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. बारा इंचांच्या पायरीवरून उडी, दोन्ही पायांवर आवाज न करता उतरायचं, गुडघे आत वळता कामा नयेत, पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. आठ-आठच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. उंच मुलीवर जास्त लक्ष ठेवा. मोबाइलवर समोरून शूट करून बघितलं की गुडघा आत जातोय का ते लगेच दिसतं.

चौघींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर कितीही पळवलं तरी दम वाढत नाही, आणि मग पोरगी आळशी आहे असा शिक्का बसतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी ते भरून काढा. हॉस्टेलच्या पोरी सकाळी चहा-बिस्किटावर सरावाला येतात, हे बंद करा. दूध, दोन अंडी, केळं एवढं तरी पोटात पाहिजे. सामन्याच्या दिवशी जेवण तीन तास आधी आणि तिखट कमी. आपल्या कोल्हापुरात हे सांगणं अवघड आहे, पण कटाची मिसळ खाऊन चार क्वार्टर पळता येत नाही.

कागदपत्रं आत्ताच गोळा करा: दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फीची पावती, कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाईड, फोटो. चौघींपैकी कुणी राज्य मंडळाबाहेरच्या बोर्डातून आली असेल तर तिचं पात्रतेचं काम जिमखाना विभागात आणि ऑफिसात दोन्हीकडं विचारून घ्या. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसरं असलं की ऐन झोनलच्या सकाळी टेबलावर नाव अडतं. यादीत जास्तीत जास्त बारा नावं जातात, म्हणून बारावी जागा कुणाची यावर आत्ताच भांडून घ्या. माझं मत, ती खो-खोच्या पोरीला द्या.

पंचगंगा_काठ

बारावी कशाला, आठवी द्या तिला. पयल्या सामन्यातच कळंल.