बागेतला पुतळा आणि बागेतली सभा: विरोध नेमका कशाला?

खडूफळा
अमेरिकेत अनेक सार्वजनिक बागांमध्ये कॉन्फेडरेट सेनानींचे, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सेनानींचे, पुतळे आहेत. त्यांच्या स्मरणाचं निमित्त करून वंशद्वेषी गट तिथे जमतात. गावकरी चिडून नगरपालिकेकडे जातात ते एकच मागणी घेऊन: यांना परवानगी देऊ नका. माझ्या मते चुकतं ते इथेच.

सभा हे खाजगी माणसांचं बोलणं. ते पटत नाही म्हणून अमेरिकी कायद्यात रोखता येत नाही. बागेतलं कायमचं स्मारक मात्र सरकारचं स्वतःचं बोलणं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्लेझंट ग्रोव्ह विरुद्ध समम या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे लोकांचा दबाव लागू पडतो तो पुतळ्यावर.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या बागेत नेथन बेडफर्ड फॉरेस्टचा पुतळा होता. हा कॉन्फेडरेट सेनानी, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेषी संघटनेचा पहिला प्रमुख. टेनेसीच्या राज्य कायद्यामुळे इतिहास आयोगाच्या संमतीशिवाय पुतळा हलवता येईना, आणि आयोगाने नकार दिला. मग २० डिसेंबर २०१७ रोजी शहराने ती बागच एका ना-नफा संस्थेला हजार डॉलरला विकून टाकली. मालकी खाजगी झाली, राज्याचा कायदा लागू राहिला नाही, त्याच रात्री क्रेन लागली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ही पळवाट बुजवली, पण तोवर चौथरा रिकामा झाला होता.

उत्तररात्र
चौथरा रिकामा होईपर्यंत काय करायचं, ते सांगा की. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलच्या नगर परिषदेने कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा हटवायचा ठराव फेब्रुवारी २०१७ मध्ये केला. पुतळा उतरला १० जुलै २०२१ ला. मधल्या चार वर्षांत खटला, मनाई हुकूम, राज्याच्या कायद्यात दुरुस्ती, सगळं झालं. आणि त्याच ठरावाचं निमित्त करून १२ ऑगस्ट २०१७ ला नवनाझी आणि क्लॅनवाले त्या बागेत उतरले. संध्याकाळपर्यंत विरोधकांच्या गर्दीत मोटार घुसवली गेली होती आणि एक स्त्री मेली होती. बागेशेजारी राहणाऱ्यांना 'पुतळ्याचं बघा, सभेचं सोडा' असं सांगणं सोपं आहे हो.

खडूफळा
सभेचं सोडा असं म्हटलेलं नाही. आशयावरून अडवायला गेलात तर कोर्टात हराल आणि त्यांना फुकटची प्रसिद्धी द्याल, एवढंच म्हणतोय. १९७७ मध्ये शिकागोच्या उद्यान मंडळाने नाझी गटाकडे मार्केट पार्क (Marquette Park) या बागेतल्या सभेसाठी अडीच लाख डॉलरच्या विम्याची अट घातली. गट तिथून हटला आणि थेट स्कोकी या शिकागोच्या उपनगराकडे वळला, जिथे छळछावण्यांतून वाचलेले ज्यू मोठ्या संख्येने राहत होते. स्कोकीने साडेतीन लाखांची अट घातली, गणवेशावर बंदी घातली. कोर्टात काहीच टिकलं नाही. शेवटी जुलै १९७८ मध्ये सभा झाली ती मार्केट पार्कातच.

जास्त गोंधळाची शक्यता म्हणून जास्त फी, हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या फोर्साइथ काउंटीच्या निकालात ते बाद झालं.

निमशहरी
सगळं अमेरिकेच्या चष्म्यातून का? जर्मनीत बव्हेरियातलं वुन्झीडेल गाव बघा. तिथे हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस याची कबर होती आणि त्याच्या मृत्युदिनाच्या सुमारास नवनाझींची यात्रा भरायची. २००५ मध्ये जर्मनीने फौजदारी कायद्याच्या कलम १३० मध्ये पोटकलम ४ घातलं: नाझी राजवटीचं उदात्तीकरण करून पीडितांच्या प्रतिष्ठेला धक्का देत सार्वजनिक शांतता बिघडवणं हा गुन्हा. त्याच्या आधारे घातलेली बंदी २००९ मध्ये घटना न्यायालयातही टिकली. २०११ मध्ये कबरीच्या जागेचा करार संपला, तो वाढवला नाही, अस्थी समुद्रात विसर्जित झाल्या. जागाच उरली नाही.

खडूफळा
त्या निकालात न्यायालयाने नाझी इतिहासापुरता अपवाद केला, सरसकट नाही. आणि जागा गेली तरी मोर्चे गेले नाहीत, नोव्हेंबरात येतच राहिले.

निमशहरी
आले ना, आणि गावाने २०१४ मध्ये त्यांचा मामा केला. स्थानिक दुकानदार आणि रहिवाशांनी आधीच पैसे कबूल केले: मोर्चेकरी जेवढे मीटर चालतील, त्या प्रत्येक मीटरमागे दहा युरो, आणि जमा रक्कम नवनाझी चळवळ सोडणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला. रस्त्यावर अंतराच्या खुणा, वाटेत केळी मांडलेली, शेवटी आभाराचा फलक. दहा हजार युरो जमले.

बागेतल्या सभेला मार्ग नसतो, तेव्हा मिनिटावर हिशेब लावावा लागेल. कमाल रक्कम आधी ठरवा आणि कबुली लेखी घ्या, नाहीतर सभा लांबली की देणगीदार फोन उचलत नाहीत.

पाचवा पाय
थट्टा ठीक आहे, पण आधी परवान्याची नियमावली वाचा. शिकागोच्या उद्यान मंडळाचा नमुना सर्वोच्च न्यायालयात २००२ मध्ये टिकला: पन्नासपेक्षा जास्त माणसं किंवा ध्वनिवर्धक असेल तर परवाना, चौदा दिवसांत निर्णय, फार तर आणखी चौदा, नकाराची कारणं ठरलेली आणि लेखी. त्यात 'जागा आधीच दुसऱ्याला दिली आहे' हेही एक कारण. म्हणून ज्या तारखेला ते दरवर्षी येतात त्या तारखेचा अर्ज गावाने आधी करावा, आणि कार्यक्रम खरोखर करावा. नुसती जागा अडवायला वर्षभराच्या तारखा घेतल्या तर डाव उघडा पडतो.

शार्लट्सव्हिलचं घोडं इथेच अडलं. सभा मॅकिंटायर पार्कला हलवायचा निर्णय कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी आला आणि विरोधकांचे परवाने मात्र होते तिथेच ठेवले. न्यायाधीशांना तो आशयावरून केलेला भेद वाटला, सभा मूळ बागेतच ठेवावी लागली. सगळ्यांना सारखाच नियम लावून तो महिनाभर आधी कळवला असता तर निदान भेदभावाचा मुद्दा उरला नसता. दोन गटांना वेगळं ठेवण्याची आखणीही फसली. शहर आणि राज्य पोलीस वेगवेगळ्या रेडिओ वाहिन्यांवर होते, आणि जमाव बेकायदा ठरवल्यावर सभेवाल्यांना ज्या रस्त्यावर ढकललं तिथेच विरोधक उभे होते.

उत्तररात्र
म्हणजे विरोधकांनी दुसऱ्या बागेत जायचं?

पाचवा पाय
दुसऱ्या बागेत नको, दिसेल-ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहा. पण मध्ये दुहेरी कठडे आणि त्यांच्यामधली पट्टी पूर्ण रिकामी हवी. दोन्ही गटांची येण्या-जाण्याची दारं वेगळ्या रस्त्यांवर, आणि सभा संपल्यावर कोण आधी बाहेर पडणार हे पोलिसांकडून आधी लेखी घ्या. बाजूच्या गल्ल्या वाहनांना बंद करायच्या तर लाकडी अडसर नकोत, वाळूने भरलेले ट्रक आडवे लावा. शार्लट्सव्हिलला त्या दिवशी मोटार जिथून आली त्या रस्त्यावर लाकडी अडसरापलीकडे काही नव्हतं.