मदत हवी आहे: ताईचा गॅस्ट्रिक बँड, आता पाणीही उलटतंय

नमस्कार मंडळी. ताईने ४ वर्षांपूर्वी पुण्यात वजन कमी करायला पोटात बँड (जठराच्या वरच्या भागाला आवळणारी पट्टी) बसवून घेतला होता. आता ती आमच्याकडे नागपुरात, मानेवाड्याला आहे. पंधरा दिवसांपासून घास छातीत अडकतो म्हणते. रात्री आडवी झाली की आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागून उठते. आम्ही ॲसिडिटीच समजलो, सगळं खापर तर्री-पोह्यांवर फोडलं! पण कालपासून दोन घोट पाणीही टिकत नाही.

बँड जागचा सरकला किंवा जास्त घट्ट झाला तर असं होतं, हे आता कळलं. घट्ट असेल तर कातडीखालच्या पोर्टमधून (बँडला नळीने जोडलेली छोटी डबी) सुईने बँडमधलं सलाईन काढून सैल करतात म्हणे. पोर्टच्या जागी लाली नाही, तापही नाही. पोट मात्र दुखतंय.

आई म्हणते सकाळपर्यंत ताक देऊन बघू. मी थांबणार नाही, तासाभरात निघतोय. धंतोली-रामदासपेठेकडे या वेळी बॅरिॲट्रिक (वजन कमी करायच्या ऑपरेशनचे) सर्जन कुठे भेटतील? हल्ली बहुतेक ठिकाणी स्लीव्हच (जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) करतात, म्हणून बँड हाताळलेलेच हवेत. पुण्याची फाईल सापडत नाहीये, त्यावाचून अडेल का?